पाच गुण

वळणाच्या ऐन मध्यावर पुढचं चाक थरथरतं.
घसरत नाही, पाडत नाही, नुसतं थरथरतं,
हुडहुडी भरल्यासारखं.
ओरिओल गॅरेजमध्ये येतो, हेल्मेट काढतो,
म्हणतो, "तिथंच. पुन्हा."
आणि पाणी मागतो.

तीन हंगाम झाले.
फ्रेम एका हंगामात कडक केली, दुसऱ्यात नरम,
इंजिन चार मिलिमीटर पुढे, मग सहा मागे,
मग होतं तिथंच, ज्यात अख्खा मार्च गेला.
बोलोन्याहून एक प्राध्यापक आणला.
त्यानं गाडीला चाळीस तारा जोडल्या, दवाखान्यात जोडतात तशा,
आलेख काढले. फार देखणे आलेख.
बिल त्याहून देखणं.

जपानी संघांचे ट्रक शेजारी लागतात
तेव्हा आमच्या तंबूवर दुपारी दोनलाच सावली पडते.
त्यांच्याकडे टायरला ऊब देणारा माणूस वेगळा,
त्या माणसाला कॉफी देणारा वेगळा.
आम्ही नऊ जण. त्यातला एक ट्रकही चालवतो,
तो मी.

नियम साधा आहे:
दुकानात विकता तीच गाडी शर्यतीत आणा.
आधी पाचशे बनवा, मग या.
म्हाताऱ्या तार्सेत्तीनं द्राक्षमळा गहाण टाकून पाचशे बनवल्या
आणि त्याच हिवाळ्यात गेला,
हिशेब लेकीच्या गळ्यात घालून.
मेतावरो नदीकाठच्या गोदामात त्या ओळीनं उभ्या आहेत,
पांढरी चादर, पांढरी चादर, पांढरी चादर.
फोस्का दर सोमवारी मोजते.
तीनशे सत्त्याऐंशी.
जणू रविवारी रात्री एखादी आपण होऊन निघून गेली असेल.

गावातल्या एलिजिओ पाववाल्याकडे आहे एक,
एक्केचाळीस नंबरची.
सर्व्हिसिंगला आणतो तेव्हा टाकीवर पिठाची बोटं.
"माझी तर कधीच थरथरत नाही," म्हणतो.
"वळण किती वेगानं घेतोस?"
"मागे बायको असते, नेरिओ."
सगळे हसले.
मी त्याच्या गाडीपाशी उकिडवा बसलो,
पुढचा भाग दोन्ही हातांनी दाबला, सोडला,
पुन्हा दाबला.
साधा फोर्क. स्वस्तातला. आम्ही पहिल्याच दिवशी
काढून फेकला होता तो.

बुधवारी रात्री फोस्का घरी गेल्यावर
गोदाम उघडलं. किल्ली ट्रकवाल्याकडे असतेच.
सर्वांत मागची चादर उचलली.
चाळीस मिनिटं लागली.
विटांवर टेकवून चादर होती तशी घातली,
तरी पुढून जरा बसकीच दिसत होती,
गुडघे टेकल्यासारखी.

आसेनला पाऊस. त्यांच्याकडचा, आडवा.
सगळेच वळणांवर जपून, म्हाताऱ्यांसारखे.
ओरिओल अकरावा आला.
अकराव्याला पाच गुण मिळतात.
पाच गुणांसाठी आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या,
तंबूच्या खांबालाही एकानं मारली.
शेजारच्यांचा तिसरा आला होता
आणि तिकडे कोणी कोणाशी बोलत नव्हतं.
ओरिओलनं हेल्मेट काढलं.
"आज नाही थरथरली."
पाणी मागायचं विसरला.

आल्प्स ओलांडून मंगळवारी पोचलो.
फोस्कानं सोमवारची मोजणी माझ्यासाठी राखून ठेवली होती.
मी मागे मागे, ती पुढे, बोटानं मोजत,
शेवटच्या ओळीत थांबली.
चादरीवर हात ठेवला.
"तीनशे शहाऐंशी," म्हणाली, "आणि ही."

कोणी काढला, हे तिनं विचारलंच नाही.
विचारलं, "पाऊस, की फोर्क?"

ठाऊक नाही, म्हणालो.
पुढची शर्यत डॉनिंग्टनला.
तिथं ऊन सांगितलंय.