ब्रश घेताना

चाटी गल्लीच्या तोंडाशी, हकीमुद्दीनच्या दुकानात
अर्धा तास मी नुसते ब्रश बघतेय.
तो म्हणतो, अक्का, काचेलाच लावायचाय ना?
का नवरदेव बघालाव?

मी बोलत नाही.
केसांत अंगठा घालून मागं वाकवते, सोडते.
जो उठायला वेळ लावतो
तो तिसऱ्या मजल्यावर झोपणार.

मग चिमटीत धरून ओढते.
लाल मुठीचा : पाच केस हातात.
निळा, कंपनीचा : दोन.
मागच्या महिन्यात साड्यांच्या शोरूमला
एकच केस राहिला होता काचेवर, पापणीएवढा.
मालकानं नखानं उचलला, बिलावर ठेवला,
आणि शंभर रुपये कापले.

हा घ्या की ओ, दिल्लीचा माल.
नाकाला लावते. नुसतं प्लास्टिक.
एप्रिलात काच तवा होते इथं,
संध्याकाळपर्यंत याची टोकं कुरळी.

आमच्या नायनाकडं कुंचा होता, मुळ्यांचा, हातभर लांब.
पहाटे गल्लीभर ताणा ताणायचे,
खळ लावत दोघं दोन टोकांकडून चालत यायचे
आणि धागा तुटायचा नाही.
नवा कुंचा घेताना नायना तो पाण्यात बुडवून
उलटा धरायचा, पहिल्या थेंबाची वाट बघत.
लगेच गळला तर लबाड.
गळलाच नाही तर कंजूस, म्हणायचा,
त्याच्याशी पण संसार होत नाही.
माग विकल्यावर आईनं तो कुंचा चुलीत घातला.
खळ मुरलेली होती ना, झकास पेटला.

तांब्याभर पाणी द्या, मी म्हणते.
पाणी? हकीमुद्दीन उठून बसतो.
चौथ्या दिवशी येतंय नळाला, अक्का!
तेच तर.
मला एका बादलीत नऊ काचा काढायच्यात,
त्यात बोअरचं पाणी, वाळलं की मिठाचे डाग.
ब्रशानं कमी प्यावं, आणि प्यालेलं
वरच्या कडेपर्यंत सांभाळून न्यावं.

शेवटी अर्धा ग्लास देतो, त्याच्या पिण्यातला.
मी एकेक बुडवते, उलटा धरते, मोजते.
मागच्या फळीवरचा, धूळ खाल्लेला, लाकडी मुठीचा,
सातव्या आकड्याला सोडतो पहिला थेंब.
त्याच्याच काउंटरवर दोन हात मारते.
काचेखाली वजनमापाचं जुनं सर्टिफिकेट निघतं,
आणि एक माशी, बरीच वर्षं मेलेली.
हकीमुद्दीन वाकून बघतो.
चारशे चाळीस, म्हणतो. अजून वाकूनच.
चारशे दहा देते, आणि ग्लास पालथा घालते.

दुपारी होटगी रोडचं हॉस्पिटल.
वर इरण्णानं दोर धरलाय, तंबाखू धरलीय,
दोन्ही एकाच हातात, असं मला नेहमी वाटतं.
चौथा मजला. ब्रश चालतोय,
कोपऱ्यात शिरतोय, केस सोडत नाही.
आत खाटेवर एक म्हातारा.
बोट करतो : इथं. राहिलंय.
मी घासते. तो मान हलवतो. इथं, इथं.
परत घासते, उभा, आडवा, टोकानं.
डाग तसाच.
मग दोघांना एकदमच कळतं
की तो आतल्या बाजूला आहे.

तो सलाईनचा हात सांभाळत सरकतो,
पांघरलेल्या चादरीचं टोक बोटाला गुंडाळतो,
त्यावर थुंकी लावतो
आणि पुसायला लागतो.
मी ब्रश धरून लोंबकळत थांबते.
खालून वॉचमन ओरडतोय, झालं का ओ?