चौकशीच्या खिडकीतून

प्लॅटफॉर्म एकवर, पार्सल ऑफिसच्या अलीकडे
एक पायपेटी ठेवली आहे.
कुठल्याशा मिटलेल्या नाटक कंपनीची.
वारसांनी रेल्वेला दिली की खपवली,
ती फाइल माझ्याकडे नाही.
स्टूल साखळीनं बांधलंय.
वर पाटी : कुणीही वाजवावी. सामान ठेवू नये.
लोक सामान ठेवतात.

मी समोर, चौकशीच्या काचेमागं.
मिरजेची कितीला, तिरुपतीची आज आहे का,
डबे अजून का लागले नाहीत.
आणि दिवसातून चारदा तरी :
ताई, ती पेटी वाजवली तर दंड हाय काय?
नाही म्हटलं तरी
माणूस आधी इकडंतिकडं बघतो,
मग एका बोटानं एक पट्टी दाबतो.
पेटी गप्प.
मी काचेतून ओरडते,
"पाय! पाय मारा की!"

लग्नसराई सरली की
शाहूपुरीच्या बँडमधला इलाही येतो.
क्लॅरिनेटची सवय; पेटीपुढंही
गाल फुगतात त्याचे, उगाचच.
सुवार्ता सिस्टर रात्रपाळी संपवून,
हातकणंगल्याची गाडी लागायच्या आत,
उपासनेतलं काहीतरी वाजवते, बूट काढून.
म्हणते, बुटातून वारा कळत नाही.
एकदा तालमीतलं एक पोरगं बसलं.
एका बोटाखाली दोन पट्ट्या.
हसलं, उठलं,
स्टुलाला नमस्कार करून गाडीत चढलं.

पण पेटी खरी धुळाप्पाची.
हमाल, बिल्ला नंबर सतरा.
कुणी शिकवलं विचारलं तर,
"हितंच शिकलो. गाड्या लेट असत्यात न्हवं."
त्याला एकच चाल येते
आणि त्या चालीत नेमकी
मधल्या सप्तकातली तिसरी काळी लागते,
जी मुकी होती.
बोट तिच्यावर पडायचंच, रिवाज म्हणून,
आणि सूर तो तोंडानं काढायचा.
मान जराशी वर,
आ,
तंबाखूनं खरबरीत झालेला,
पण जागच्या जागी.
पुढचा सूर परत पेटीचा.
कापड विरतं, ठिगळ टिकतं,
तसं काहीतरी.
मी तेवढ्यापुरती
समोरच्याला थांबा म्हणायची.

जानेवारीत मिरजेचा एक कारागीर,
परतीची गाडी चुकलेला,
तीन तास काय करू म्हणून फळी काढून बसला.
पितळी रिडीखालून एक मोती निघाला,
खोटा, नथीतला असावा.
कुण्या मिशी काढलेल्या नायिकेचा,
कुठल्या अंकात पडलेला, देव जाणे.
त्यानं तो माझ्या खिडकीतून आत सरकवला :
"हरवलेलं सामान."
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.
चहावाला म्हणाला, "नादखुळा! आता समदी पेटी चालू."

त्याच संध्याकाळी धुळाप्पा बसला.
चाल सुरू झाली, वळणावर आली,
बोट पडलं, तोंड उघडलं
आणि दोन सूर एकदम वाजले.
त्याचा किंचित उतरलेला निघाला.
इतकी वर्षं.
कुणाला कळलं नाही.
बाकावरच्या बाईनं भडंगाची पुडी सोडली,
वरच्या कर्ण्यातून माझ्याच आवाजात
गाडी चाळीस मिनिटं उशिरा असल्याचं सांगितलं गेलं.
त्यानं पाय उचलला.
भात्यात उरलेला वारा
हळूहळू, बेसूर, संपला.

आठ दिवस तो पेटीकडं फिरकला नाही.
ओझी उचलली, पैशावरून भांडला,
एकदा खिडकीशी येऊन
किती वाजले तेवढं विचारून गेला,
डोक्यावर एवढं मोठं घड्याळ असताना.

नवव्या दिवशी शेवटची गाडी लागली.
इथं रूळ संपतात,
इंजिनाला सुटून, वळसा घेऊन
दुसऱ्या टोकाला यावं लागतं.
तेवढ्या वेळात तो बसला.
चाल तीच. वळण आलं.
त्यानं बोट उचलून धरलं, त्या काळीच्या वर, एवढंसं,
आणि मान वर करून
आपला सूर आपणच लावला.
किंचित उतरलेला.

काचेपलीकडचा प्रवासी म्हणाला,
"ताई, पेटीची एक पट्टी बंद दिसतीय."
ड्रॉवर जरा उघडा होता, मोती कोपऱ्यात घरंगळला.
मी ड्रॉवर लोटला.
म्हटलं, गाडी कुठली हवी तुम्हाला?