बदल क्रमांक एकेचाळीस

अंबडच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या शेडमध्ये
आम्ही एक राज्य उभं केलं होतं.
छत गळायचं, म्हणून सिंहासन दोनदा सरकवलं.
शार्दूल खैरनार म्हणाला, बरं झालं रेणूताई,
आता उजेड बरोबर डाव्या गालावर येतो.
तेव्हा त्याला एवढंच पुरायचं.

मी तांबट गल्लीतली. आमच्याकडे बंब, घंगाळं, कळशा.
पहिल्या भागासाठी जलनागाचे खवले केले,
तीन हजार दोनशे, एकेक हातानं मठारलेला.
सहा महिने अशी ठकठक, की शेजारच्या दिघे मास्तरांनी
शिकवणी सोडून गोष्टच विचारायला सुरुवात केली.
गोष्ट साधी होती. तीन भाग.
नदी वाट विसरते. एक मुलगी तिला वाट दाखवते
आणि शेवटी स्वतः पाणी होते.
परत येत नाही.

चित्रपट धो धो चालला.
बिघडलं ते तिथून.

मुंबईहून दोघं आले, सिंगापूरहून एक.
मिसळ मागवली, तर्री वेगळी मागितली
आणि तशीच ठेवून मीटिंगला बसले.
मग मेलवर मेल, बदलांना क्रमांक.
चार : नाग गोंडस हवा, खेळणी काढायचीत.
अकरा : मुलीला एक भाऊ हवा.
सोळा : भाऊ नको.
(अकरा आणि सोळाच्या मधे
मी त्या भावाचं चिलखत पुरं केलं होतं.
ते अजून माळ्यावर आहे, छाती पुढे काढून.)
तेवीस : तांबं पडद्यावर उदास दिसतं, सोनेरी करा.
केलं.
पत्र्याचे पैसे द्यायचे होते, खोटं कशाला बोलू.

अण्णा म्हणायचे, तांबं मार खाऊन कडक होतं.
मधेमधे भट्टीत घाल, मऊ होऊ दे.
नुसती ठोकत बसलीस तर काठाला चीर जाते.
पण त्याआधी आवाज बदलतो. कान दे.

अंजनेरीच्या पठारावर दुसऱ्यांदा तेच शूटिंग चाललं होतं,
यंदा ढग नकोत म्हणून.
शार्दूलचा फोन आला.
पूर्वी म्हणायचा, मला असं दिसतंय.
मग आम्हाला असं वाटतं.
त्या दिवशी म्हणाला, त्यांना असं हवंय,
आणि बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला.

एकेचाळीस : मुलगी पाणी होत नाही.
चौथा भाग ठरलाय.

तिचा मुखवटा तयार होता माझ्याकडे,
अकरा दिवसांचं काम, कागदासारखा पत्रा,
डोळे मिटलेले.
डोळे उघडून द्या, म्हणाले.
मिटलेले डोळे ठोकून उघडत नाहीत हो,
कापावे लागतात.
मी कापले नाहीत. नवा केला, चार दिवसांत,
टक्क उघड्या डोळ्यांचा.
शार्दूल रात्री आला, ओट्यावर बसला,
मिटलेला मांडीवर घेतला
आणि किती झाले, एवढंच विचारून
पैसे मोजून गेला. मुखवटा न्यायचा विसरला.
की विसरला नाही.

कॉलेज रोडच्या थिएटरात उघड्या डोळ्यांना शिट्ट्या पडल्या.
दिघे मास्तर शेजारी होते, चष्मा पुसत.
बाहेर पडताना म्हणाले,
सगळं छान. पण ती नदी?
तिचं पुढे काय झालं?

बघू मास्तर, मी म्हटलं, चौथ्या भागात.
आणि माझाच आवाज
माझ्या कानाला वेगळा लागला.