टाकळा

गेट एकाहत्तरजवळचं जंगल माझ्याकडे आहे,
रात्री अकरा ते सकाळी सात.
दोनशे बारा कुंड्या, एक धबधबा, ज्याचं बटण खांबामागे,
फुलपाखरांची काचेची खोली, तिची किल्ली माझ्या कमरेला,
आणि पोरांना फिरवणारी एक होडी,
जी तीन वाजता मी रिकामीच एक फेरी मारून आणतो.
साखळी गंजू नये म्हणून.
असं मी सांगतो.

खांब छताला भिडतात तिथे उलगडत जातात.
मोराचा पिसारा आहे म्हणतात.
सेलेस्टिन काकी म्हणते, कसला मोर, माडाची झापं आहेत ती,
आमचीच, पांढरी रंगवून वर लावलीत.
काकी सहार गावठाणातली. पानं पुसायचं काम तिचं.
ओल्या फडक्याने, एकेक,
शाळेत पाठवायच्या पोराचं तोंड पुसावं तशी.
तिच्या सासऱ्याची विहीर तिच्या हिशेबाने
बॅगा तोलायच्या काट्याखाली येते.
कामावर येताना ती मुद्दाम त्यावर उभी राहते.
काटा दाखवतो: छप्पन्न किलो चारशे.
विहिरीचं काहीच दाखवत नाही.

इथली झाडं भाड्याची.
दमली की टेम्पो येतो, ताजी ठेवून जुनी नेतो.
फक्त मोठ्या पामची कुंडी हलत नाही, चार माणसं लागतात,
आणि तिच्यातच, कर्जतच्या मातीतून आलेला,
एक टाकळा उगवला.
तण आहे, उपटायला हवा होता.
उद्या, उद्या म्हणत राहिलो.

टाकळा संध्याकाळी पानं मिटून घेतो, हे आईकडून माहीत होतं.
पण इथे दिवे मालवतच नाहीत.
तरी पहिले काही दिवस, अकराला मी यायचो,
तर हा मिटलेला, हात जोडून बसल्यासारखा.
मग त्याची संध्याकाळ पुढे पुढे सरकायला लागली.
एका रात्री माझ्यासमोर मिटला, साडेअकराला.
भिंतीवरच्या घड्याळात लंडनला सात वाजत होते.
पुढच्या आठवड्यात अडीचला.
तेव्हा सात कुठे वाजतात?
सगळी घड्याळं पाहिली. कुठेच नाही. नुसतं पाणी असावं तिथे.
मी काकीला म्हटलं, हा निघालाय गं कुठेतरी.
काकी म्हणाली, बघ, आणि तिकीटसुद्धा नाही.

त्या रात्री टोरंटोचं विमान रखडलेलं.
रोह्याच्या एक बाई, पासपोर्टवर भागीरथी, घरी बायजी,
पायातले नवे बूट काढून कुंडीच्या कडेला बसल्या होत्या.
धबधबा पाहिला नाही, पिसारा पाहिला नाही.
एकदम म्हणाल्या, अगंबाई, टाकळा!
मग बराच वेळ लसणाबद्दल बोलल्या,
आणि लेकीबद्दल, तिला तिकडे हे मिळत नाही.
चष्म्याची डबी उघडून रिकामी केली.
मी म्हटलं, तिकडे उतरल्यावर फॉर्म भरून घेतात हो,
झाडं, बिया, माती.
म्हणाल्या, ही काय झाडं आहेत? भाजी आहे.

हात पुढे केला, तेवढ्यात
पानं मिटायला लागली.
जोडीजोडीने, खालून वर. घाई नव्हती त्याला.
साडेचार.
त्यांनी वर लखलखत्या छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी भिंतीवरचं शेवटचं घड्याळ दाखवलं.
टोरंटो: सात.
आत्ता कामावरून आली असेल, म्हणाल्या,
दिवा लावत असेल.

हात मागे घेतला.
तिन्हीसांजा झाल्यावर झाडाला हात लावू नये.
रिकामी डबी मिटली, टक्.
बूट घातले. डाव्या पायाचा चढत नव्हता,
मी वाकून धरला.

सातला माझी पाळी संपली.
काकीने फडकं पिळलं,
टाकळ्याचे शेंडे कराकरा खुडून पिशवीत टाकले.
अगं, झोपलाय तो, मी म्हटलं, त्याच्याकडे रात्र आहे.
असू दे, म्हणाली.
माझ्याकडे उजाडलंय.