मुंढ्याची गोलाई

नगरपालिकेच्या फळ्यावर
गुरुवारपासून नकाशा लावलाय.
विट्याचे रंगीत तुकडे,
आणि वर एकच टाचणी, गंजलेली.

मी जुबेदा शिकलगार.
बत्तीस वर्षं ब्लाउज शिवते.
वाचता बेताचंच येतं, पण
कापलेलं कळतं मला.

आमची गल्ली सगळी सातात होती.
आता गटाराच्या मधून रेघ गेलीय.
माझी चूल सातात, मशीन नवात,
आणि मशीनशेजारची पारूबाई वडार,
जिच्याकडं मी रोज विरजण मागते,
ती पार बैलबाजाराच्या पलीकडं जोडलीय.

तिच्या जागी सातात कोण आलं?
वरच्या आळीतली कुलपं.
गलाईवाल्यांची तिमजली घरं,
माणसं कोईमतूरला, सिलिगुडीला, सोनं गाळतात.
मतदानाला येतात ट्रॅव्हल्स भरून,
परतीचं तिकीट कोण काढतं
ते गावाला ठाऊक आहे.
गटार तुंबलं तर
कुलपाला वास येत नाही.

सुनावणीला गेले.
साहेब भला होता, खुर्ची दिली.
म्हणाला, मावशी, लोकसंख्या जुळवावी लागते,
उत्तरेकडून सुरुवात करायची, नियम आहे तसा.
म्हटलं, साहेब, कापडालाही
आडवा धागा, उभा धागा असतो,
नियम मलाही आहे.
पण गोलाई कुणी उगाच देत नाही.
मुंढ्याला गोलाई असते
ती हात वर जावा म्हणून.
ही तुमची गोलाई बघा,
तालमीला वळसा, मागाच्या शेडला वळसा,
आणि एकाच बंगल्याच्या फाटकापाशी
अगदी काटकोन.
माप कुणाचं घेतलं होतं?

साहेबानं शिपायाकडं बघितलं,
शिपायानं खिडकीकडं.
मग लिहून घेतलं:
हरकत क्रमांक अकरा. अर्जदार शिंपीकाम करतात.

पारूबाई उंबऱ्यावरच होती.
म्हणाली, मग आता विरजणाला येताना
चिठ्ठी आणशील काय नगरपालिकेची?
दोघी हसलो. तिनं वाटी भरून दिली.

रात्री मशीनवर बसले.
मुंढ्यात काचणारा एक ब्लाउज आला होता, उसवला.
शिवणीत मी नेहमी माया सोडते,
दोन्हीकडं बोटभर,
उद्या अंग भरलं तर सैल करता येतं.
नकाशात शोधली होती मी,
फळ्याला नाक लावून.
रेघेला रेघ चिकटलेली,
माया कुठंच नाही.

ब्लाउज बुधवारी न्यायला येईल ती.
नवातली आहे आता.