नोझल बदलला

पहाटे पावणेचार. उणे एकतीस.
फोनवर म्हातारा एवढंच म्हणाला,
"मशीन बिघडलंय, पोरी."
मॅडावास्काच्या रस्त्यावर माझी व्हॅन, दुसरं कुणी नाही.
नदी इतकी गोठलेली, की पलीकडच्या कॅनडातलं कुत्रं
माझ्या मडगार्डाशी भुंकल्यासारखं ऐकू येतं.

अल्फी मिशोनं दार उघडलं कोट-टोपी घालून,
जणू घर माझं, आणि तो पाहुणा.
ओव्हनचं दार सताड उघडं, पुढे खुर्ची,
खुर्चीवर घोंगडी, घोंगडीत मांजर.
तळघरात उतरताना मागून:
"गेल्या साली हेच झालं होतं. मशीनच तसलं."

आधी टाकी. बोटाच्या पेरानं वाजवत जायचं वरून खाली,
कलिंगड पारखावं तसं.
आवाज जिथं बसतो, तिथवर तेल.
वाजवत वाजवत मी गुडघ्यांवर आले.
आवाज बसलाच नाही.
काटा म्हणत होता, पाव टाकी.
काटा अडकलेला, म्हाताऱ्याच्या बाजूचा.

वरच्या पायरीवर त्याचे बूट. हलत नव्हते.
दोनच शब्द बोलायचे होते: तेल संपलंय.
तोंड उघडलं तर नुसती वाफ.

बर्नरला तारेनं बांधलेलं सर्व्हिसचं कार्ड,
काजळीनं काळवंडलेलं. टॉर्च धरला.
ऑझिमचं अक्षर, शिसपेन्सिलीतलं, पुढे झुकलेलं:
१२ जानेवारी, नोझल बदलला.
३ फेब्रुवारी, नोझल बदलला.
१९ फेब्रुवारी, नोझल बदलला.

करंगळीच्या पेराएवढा पितळी तुकडा,
फिल्टर धड असेल तर वर्षभर
त्याच्याकडे ढुंकून बघावं लागत नाही.
शिकाऊ होते तेव्हा अशी कार्डं बघून वाटायचं,
ऑझिमचा हात आता चालत नाही.
त्याच्या निवृत्तीचा केक खाताना
कुणाला तरी बोललेही होते.

व्हॅनमधून तेलाचे दोन कॅन, मागच्या बाजूनं, बर्फातून.
झाकणाला हातमोजा चिकटला, अर्धा तिथंच राहिला.
मग पाइपातली हवा: नट सैल, खाली कॉफीचा डबा,
फस्स, फेस, खोकला, पुन्हा फेस,
आणि एकदम सरळ, लालसर, अखंड धार.
बटण दाबलं.
नुसती मोटार. नुसती मोटार.
मग ज्योतीनं धरलं.

"काय झालं होतं?"
"नोझल."
"तरी मी म्हणत होतो," अल्फी म्हणाला,
आणि तव्यावर धिरडी टाकली, कुट्टूची, पिवळी,
एकाच बाजूनं भाजायची, इथली रीत.
लोणी त्यानं माझ्याच धिरड्याला लावलं.

निघण्याआधी परत खाली गेले.
पेन्सिल उमटेना, जिभेला लावली.
तारीख घातली, त्याच दोन शब्दांखाली तेच दोन शब्द.
कॉफीच्या डब्यातलं तेल टाकीत ओतलं, कपभर असेल.
काटा अजून पाववरच.
थापट मारून सोडवता आला असता.
राहू दिला.