एकशे एकोणीस मीटर

दहाची घे, आत्या, निशिकांत फोनवर म्हणाला,
आठची कोण घेतं आता?
दहाच्या दुर्बिणीत
बदकाच्या डोळ्यातली पिवळी कड मोजता येते.

मोजायचं मला शिकवू नकोस,
असं मी म्हटलं नाही.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
भिंगाखाली कागद तपासले.
शाईचा फुटका ठिपका, हललेली रेघ,
आकड्याच्या पोटात अडकलेला धागा.
लाल पेन्सिलीनं गोल केला की पत्रक बाद.
एवढ्या नोटा गेल्या हाताखालून,
आणि कुणी विचारलं मागच्या बाजूला चित्र कसलं होतं
तर पर्स उघडून बघावं लागेल.

महात्मा गांधी रोडवर मुर्तुझाभाईंचं दुकान.
चष्मे, घड्याळं, आणि सगळ्यात वरच्या फळीवर
चार दुर्बिणी, खोक्यांवर धूळ.
त्यांनी काउंटरवर सराफासारखं मऊ फडकं अंथरलं,
दोन लहान दुर्बिणी ठेवल्या,
दुमडल्या की चष्म्याच्या घराहून जराशा जाड.
म्हणाले, पगारेबाई, आत काय कळणार, दारात या.

दारातून पलीकडची गच्ची.
दहाच्या दुर्बिणीत पाण्याची टाकी,
टाकीवरचं नाव, नावातला पुसट काना.
माझा हात थरथरला की टाकी थरथरायची.
आणि सापडलीच मला, सवयीनं,
काठावरची केसाएवढी भेग.

आठच्या दुर्बिणीत टाकी जरा लांब सरकली.
पण शेजारी दोरी आली, दोरीवर ओली चादर,
चादरीमागे कुणीतरी केस पुसत उभं.
डावीकडून एक पारवा आत शिरला,
उतरला, गळा फुगवून दोनदा गोल फिरला,
मला हात हलवावा लागला नाही.

खोक्यावर बारीक अक्षरांत होतं:
हजार मीटरवर एकशे एकोणीस मीटर.
दुसऱ्या खोक्यावर पंच्याण्णव.
चोवीसचाच तर फरक, मुर्तुझाभाई म्हणाले.

चोवीस मीटर म्हणजे आमच्या क्वार्टरच्या
दारापासून नळापर्यंत, आणि परत.
तेवढ्यात दोन लग्नं जमली होती, एक मोडलं होतं,
आणि हंडा भरायला जाऊन
मी फक्त हंड्याची गळती बघून आले होते.

रबरी कडा खाली दुमडून, चष्म्यासकट पाहिलं.
वर्तुळाला काळी किनार आली नाही.
घासाघीस केली, दोनशे सुटले.

पौषात, अंधारातच, सायखेड्यावरून नांदूरमध्यमेश्वर.
खोटं का सांगू, तांबडं फुटेपर्यंत
तिच्यातून काही धड दिसलं नाही.
पंचवीसची भिंगं, उजेड किती गोळा करणार?
चापडगावचा रंगनाथ गांगुर्डे सोबतीला,
त्याच्या गळ्यात सुतळीनं शिवलेला पट्टा,
खिशात मोजणीची वही.
बाभळीच्या डावीकडं, ताई, तो म्हणायचा,
आणि शेकाट्या सापडेपर्यंत
शेकाट्याचे पाय तेवढे दिसत राहायचे पाण्यात उलटे.

मग भोवत्या आला.
पाणवेलींवरून खाली, अगदी खाली, आळसट,
आणि सगळं पाणीच उठलं.
थापटे, तलवार बदकं, मागे चक्रवाक,
वर्तुळाच्या या कडेतून आत, त्या कडेतून बाहेर,
एकशे एकोणीसही कुठे पुरायला.

एक चक्रवाक जवळून गेला.
उजव्या पंखात फट, एक पीस नव्हतं.
बोटं आपोआप जुळली,
पेन्सिल धरतात तशी.
तो पांढरं पोट दाखवत नव्हे, भगवं पोट दाखवत,
इतरांच्या बरोबरीनं वळला,
जरासुद्धा मागे न पडता.

रंगनाथनं वही काढली.
चक्रवाक किती धरू, ताई?
मी म्हटलं, एकाचं एक पीस गळालंय.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि काहीतरी आकडा लिहिला.